कॅम्पस नेटवर्कवर डोमेन नावे सापडत नसतील तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी

‘नेट बंद आहे’ अशी तक्रार वसतिगृहातून किंवा प्रयोगशाळेतून येते, तेव्हा पुष्कळदा नेट व्यवस्थित चालू असते. फक्त संकेतस्थळाच्या नावाचा आयपी पत्ता संगणकाला मिळत नसतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये हाताने ८.८.८.८ हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता टाकणे. त्याने बाहेरची संकेतस्थळे उघडतात आणि तक्रारदार खूश होतो. नंतर मात्र त्याच संगणकावर ग्रंथालयाची कोहा प्रणाली किंवा परीक्षा विभागाचे आतले पोर्टल उघडेनासे होते, कारण ती नावे फक्त कॅम्पसच्या डीएनएस सर्व्हरलाच ठाऊक असतात. मूळ बिघाड जागच्या जागीच राहतो.

पुढील क्रम लहान-मध्यम कॅम्पसमधील सिस्टिम ॲडमिन आणि लॅब असिस्टंट यांच्यासाठी आहे. नकार नेमका कोणी दिला हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायचे नाही, या एकाच नियमावर तो उभा आहे. उदाहरणांसाठी कॅम्पसचे दोन डीएनएस सर्व्हर १०.१०.०.५३ आणि १०.१०.०.५४ या पत्त्यांवर आहेत, आणि आतले डोमेन ‘अमुककॉलेज.एसी.इन’ आहे, असे धरले आहे.

पूर्वतयारी

तपासणीला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर असाव्यात. त्या आयत्या वेळी शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

दोन्ही डीएनएस सर्व्हरचे पत्ते, प्रत्येक इमारतीच्या व्हीलॅनचा (नेटवर्कच्या स्वतंत्र विभागाचा) आयपी पल्ला, डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सेवा) त्या व्हीलॅनला कोणते डीएनएस पत्ते वाटतो, आणि आपला सर्व्हर बाहेरचे प्रश्न स्वतः सोडवतो की पुढच्या फॉरवर्डरकडे (आपल्या वतीने उत्तर शोधणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवतो, हे लिहून ठेवा. बाहेरच्या जगाला दिसणारा आपला झोन (डोमेनमधील नावांच्या नोंदींचा संच) कोणाकडे आहे आणि डोमेनची मुदत कधी संपते, हेही त्याच कागदावर असू द्या. ‘एसी.इन’, ‘एज्यु.इन’ आणि ‘आरईएस.इन’ या नावांची नोंदणी अर्नेट इंडियाकडे होते. तेथील खात्याला जोडलेला ईमेल निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचा असेल, तर मुदतवाढीची सूचना आपल्यापर्यंत येणारच नाही.

चाचणीसाठी एक आतले नाव, एक बाहेरचे नाव आणि एक खात्रीचा आयपी पत्ता आधीच ठरवा आणि प्रत्येक वेळी तेच वापरा. लॅपटॉपवर ‘डिग’ हे डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारणारे साधन असावे. विंडोजमध्ये ते मुळात नसते. लिनक्सवर ते बाइंड या डीएनएस सर्व्हर प्रणालीच्या उपसाधनांच्या पॅकेजमधून मिळते. ते नसेल तर विंडोजच्या पॉवरशेलमधील ‘रिझॉल्व-डीएनएसनेम’ चालेल.

तक्रारदाराला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते विचारलेच पाहिजेत. एकच संकेतस्थळ उघडत नाही की सगळीच? शेजारच्या संगणकावर काय होते? वायफायवर आहात की केबलवर? मोबाइल डेटावर तेच नाव उघडते का?

इशारा: डीएनएस सर्व्हर रीस्टार्ट करून पाहण्याचा मोह टाळा. रीस्टार्टमुळे कॅश (साठवून ठेवलेली उत्तरे) रिकामी होते, अपुरे राहिलेले प्रश्न पुसले जातात आणि बिघाड तासाभरासाठी लपतो. तो परत येतो तेव्हा तपासायला पुरावा उरलेला नसतो.

टप्पा १: रस्ता बंद आहे की फक्त नाव सापडत नाही?

आधी संगणकाचा स्वतःचा पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही. ही डीएनएसची तक्रार नाही, आणि तपास केबल, स्विचचा पोर्ट व डीएचसीपी यांच्याकडे वळवावा.

पत्ता ठीक असेल तर गेटवेला (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरला) आणि नंतर डीएनएस सर्व्हरच्या आयपीला पिंग करा. पुष्कळ कॅम्पसमध्ये फायरवॉल पिंग अडवते, त्यामुळे पिंगला उत्तर नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असा निष्कर्ष काढू नये. विंडोजवर ‘टेस्ट-नेटकनेक्शन १०.१०.०.५३ -पोर्ट ५३’ हा आदेश टीसीपीवरून दार उघडे आहे का ते सांगतो. मात्र डीएनएसची नेहमीची वाहतूक यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने पोर्ट ५३ वरून होते, त्यामुळे ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे सगळे ठीक आहे असे नाही.

वायफायवर लॉगिनचे पान असेल तर ते खरोखर भरले आहे का, हे पाहा. लॉगिन होण्यापूर्वी अनेक यंत्रणा प्रत्येक नावाला मुद्दाम लॉगिन सर्व्हरचाच पत्ता देतात किंवा बाकीचे प्रश्न अडवतात.

तपासणी: आयपी पत्त्याने पोहोचता येते आणि नावाने येत नाही, हे सिद्ध झाले तरच पुढे जा.

टप्पा २: संगणक प्रश्न कोणाला विचारतो आहे?

सर्वांत जास्त चुका येथेच होतात, कारण प्रत्येक जण ‘तो आपल्याच सर्व्हरला विचारत असणार’ असे गृहीत धरतो.

विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा आणि दोन ओळी वाचा: डीएचसीपी सर्व्हरची आणि डीएनएस सर्व्हरची. लिनक्सवर ‘रिझॉल्व.कॉन्फ’ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसले तर गोंधळून जाऊ नका. तो त्याच संगणकावरचा मध्यस्थ असतो, आणि त्याच्यामागचा खरा सर्व्हर ‘रिझॉल्वसीटीएल स्टेटस’ या आदेशाने कळतो. मॅकवर ‘एससीयूटिल --डीएनएस’ वापरा.

वसतिगृहातील एक नमुना जवळून पाहू. एका मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांत नावे सापडत नाहीत, निम्म्यांत सापडतात, आणि रीस्टार्ट केल्यावर बाधित खोल्या बदलतात. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये कॅम्पसच्या १०.२० पल्ल्याऐवजी १९२.१६८.०.१०७ असा पत्ता दिसतो आणि डीएचसीपी सर्व्हर व डीएनएस सर्व्हर या दोन्ही ओळींत १९२.१६८.०.१ असते. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटची केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टात खोचलेली असते, आणि तो राउटर अख्ख्या व्हीलॅनला पत्ते वाटू लागलेला असतो. ज्या संगणकाला त्याचे उत्तर आधी पोहोचते तो त्याच्या मागे लागतो. अशा वेळी ‘एआरपी -ए’ने १९२.१६८.०.१ चा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) घ्या, स्विचच्या मॅक तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर आहे ते पाहा आणि तो पोर्ट बंद करा. खोली आपोआप कळते. तक्रार करायला पहिला तोच विद्यार्थी येतो. कायमचा उपाय म्हणजे स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनधिकृत डीएचसीपी उत्तरे अडवणारी सोय) चालू करणे आणि फक्त वरच्या दुव्याचा पोर्ट विश्वासू ठरवणे.

आयपीव्ही६कडे दुर्लक्ष करू नका. कॅम्पसने आयपीव्ही६ दिलेले नसले, तरी एखाद्या लॅपटॉपचे इंटरनेट शेअरिंग राउटर असल्याची घोषणा करू शकते आणि त्याबरोबर डीएनएसचा पत्ताही वाटू शकते. डीएनएसच्या यादीत ‘एफई८०’ ने सुरू होणारा अनोळखी पत्ता दिसला तर माग त्या दिशेने काढा.

तिसरी शक्यता ब्राउझर आणि मोबाइलची. फायरफॉक्स व क्रोममध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल, तर प्रश्न थेट बाहेरच्या सर्व्हरकडे एचटीटीपीएसवरून जातो आणि आतली नावे सापडत नाहीत, जरी ‘पिंग’ला ती सापडत असली तरी. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तेथे एखाद्या सर्व्हरचे नाव हाताने भरलेले असेल आणि कॅम्पसची फायरवॉल पोर्ट ८५३ अडवत असेल, तर फोन वायफायला जोडलेला दिसतो पण एकही नाव उघडत नाही.

इशारा: पहिला डीएनएस कॅम्पसचा आणि ‘सेफ्टीसाठी’ दुसरा ८.८.८.८ ही जोडी घातक आहे. दुसरा सर्व्हर पहिल्याकडून उत्तर न आल्यासच विचारला जातो. पहिल्याने ‘हे नाव नाही’ असे सांगितल्यावर संगणक दुसऱ्याकडे जात नाही. उलट पहिला क्षणभर अडखळला आणि आतल्या नावाचा प्रश्न बाहेर गेला, तर बाहेरचा सर्व्हर ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठामपणे सांगतो आणि शोध तेथेच संपतो. दुसरा पत्ताही कॅम्पसच्याच सर्व्हरचा असला पाहिजे. हाताने भरलेले पत्ते आढळतील तेथे ते काढून ‘आपोआप मिळवा’ हा पर्याय ठेवा.

टप्पा ३: तोच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी विचारा

आता एकाच नावाचा प्रश्न नाव घेऊन ठरावीक सर्व्हरला विचारायचा: ‘डिग @१०.१०.०.५३ कोहा.अमुककॉलेज.एसी.इन.’, मग १०.१०.०.५४ ला, आणि धोरण परवानगी देत असेल तर बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक सर्व्हरला. त्यानंतर हाच क्रम बाहेरच्या नावासाठी.

विंडोजवर ‘एनएसलुकअप’ वापरत असाल तर नावाच्या शेवटी पूर्णविराम द्याच. तो नसेल तर हे साधन आपल्या डोमेनची शेपटी नावाला जोडून पाहते आणि भलत्याच नावाचे उत्तर दाखवते. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘सर्व्हर: अननोन’ असे आले की अनेक जण सर्व्हरच बिघडला असे समजतात, त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरच्या स्वतःच्या आयपीची उलट नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) झोनमध्ये केलेली नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. ‘पिंग’ आणि ब्राउझर हे होस्ट्स फाइल (संगणकावरच ठेवलेली नावे व पत्ते यांची यादी) व संगणकाची कॅश पाहतात, तर ‘डिग’ आणि ‘एनएसलुकअप’ थेट सर्व्हरला विचारतात. एनएसलुकअपला बरोबर उत्तर मिळते पण पिंग जुन्याच पत्त्यावर जातो, असे दिसले तर सर्व्हरला हात लावू नका. होस्ट्स फाइलमध्ये कोणे एके काळी केलेली नोंद शोधा.

तपासणी: वाटेत एखादे उपकरण प्रश्न परस्पर पळवत आहे का, हे ‘डिग @१९२.०.२.१’ ने कळते. हा पत्ता दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखीव आहे, तेथे कोणताही सर्व्हर नाही. तरीही उत्तर आले, तर फायरवॉल किंवा सेवादाता पोर्ट ५३ ची सर्व वाहतूक स्वतःकडे वळवत आहे, आणि आतापर्यंतच्या ‘बाहेरच्या सर्व्हर’च्या चाचण्या त्याच उपकरणाच्या होत्या.

टप्पा ४: नकाराचा प्रकार ओळखा

डिगच्या उत्तरात वरच्या बाजूला ‘स्टेटस’ असा शब्द असतो. सर्वांत उपयोगी माहिती तीच असते आणि बहुतेक जण ती ओलांडून थेट खाली पत्ता शोधायला जातात. पुढील पाच स्थितींचे पाच वेगळे अर्थ आहेत.

४.१ काहीच उत्तर नाही. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही किंवा उत्तर परत आले नाही. फायरवॉल, व्हीलॅनमधील मार्ग आणि सर्व्हरची सेवा चालू आहे का, ही तपासाची दिशा. प्रत्येक पान पाच सेकंद थांबून मग झरझर उघडत असेल, तर लिनक्सवर ते जवळजवळ नेहमी यादीतला पहिला सर्व्हर मेलेला असल्याचे लक्षण असते. तेथे एका सर्व्हरची वाट मुळात पाच सेकंद पाहिली जाते आणि मग दुसऱ्याला विचारले जाते.

४.२ एनएक्सडोमेन. सर्व्हर जिवंत आहे आणि नाव अस्तित्वात नाही असे ठामपणे सांगतो आहे. स्पेलिंग पाहा, मग झोनमधील नोंद पाहा. झोन फाइलमध्ये पूर्ण नाव लिहून शेवटचा पूर्णविराम विसरला, की नाव ‘कोहा.अमुककॉलेज.एसी.इन.अमुककॉलेज.एसी.इन’ असे होऊन बसते आणि खरे नाव मिळेनासे होते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

४.३ नोएरर, पण उत्तराचा भाग रिकामा. नाव आहे, पण विचारलेल्या प्रकारची नोंद नाही. म्हणजे आयपीव्ही४ ची नोंद विचारली आणि तेथे फक्त मेलची नोंद आहे. हा बिघाड नाही, अपुरी नोंद आहे.

४.४ रिफ्यूज्ड. सर्व्हरने तुम्हाला ओळखण्यास नकार दिला आहे. कॅम्पसमध्ये हे हमखास नव्या इमारतीच्या उद्घाटनानंतर दिसते. बाइंडमध्ये काहीही लिहिले नसेल, तर बाहेरची नावे शोधून देण्याची सेवा फक्त सर्व्हरला थेट जोडलेल्या जाळ्यांपुरतीच असते. आणि हाताने लिहिलेल्या यादीत नव्या व्हीलॅनचा पल्ला जोडायला कोणाला सुचलेले नसते. ओळखण्याची खूण अशी की आतली नावे व्यवस्थित मिळतात आणि बाहेरचे प्रत्येक नाव रिफ्यूज्ड येते. ‘अलाउ-रिकर्शन’च्या यादीत तो पल्ला जोडा.

इशारा: घाईत त्या यादीत ‘एनी’ लिहू नका. सर्व्हरचा पत्ता बाहेरून पोहोचण्याजोगा असेल, तर तो जगातल्या कोणाच्याही प्रश्नांना उत्तरे देऊ लागतो आणि दुसऱ्यांवरील हल्ल्यांत वापरला जातो.

४.५ सर्व्हफेल. सर्व्हरने प्रयत्न केला पण त्याला खात्रीचे उत्तर मिळाले नाही. कारणे अनेक असल्याने याला पुढचा टप्पा स्वतंत्र दिला आहे.

टप्पा ५: सर्व्हफेलचा माग सर्व्हरवर बसून काढा

येथून पुढचे आदेश डीएनएस सर्व्हरवरच चालवायचे. विशेषतः ‘डिग +ट्रेस’ रूट सर्व्हरपासून (डोमेन नावांच्या उतरंडीच्या शिखरापासून) एकेक पायरी स्वतः उतरते. पुष्कळ कॅम्पसमध्ये साध्या संगणकांना बाहेरचा पोर्ट ५३ बंद असतो. तसे असेल तर तेथून ती अपयशी ठरणारच, आणि त्या अपयशावरून काहीही सिद्ध होत नाही.

५.१ आतल्याच नावाला सर्व्हफेल येत असेल, तर झोन लोड झालेला नाही. ‘नेम्ड-चेकझोन’ चालवा, एखादा कंस न मिटलेला असतो. फक्त दुय्यम सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरकडून झोनची प्रत घेणाऱ्यावर) असे होत असेल, तर त्याची प्रत कालबाह्य झाली आहे, म्हणजे तो कित्येक दिवस मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही. झोनची प्रत टीसीपी ५३ वरून जाते, हे फायरवॉलचे नियम लिहिणारे विसरतात.

५.२ सर्व बाहेरच्या नावांना सर्व्हफेल येत असेल, तर फॉरवर्डरला थेट विचारा. सेवादाता बदलल्यावर जुन्या सेवादात्याचे फॉरवर्डर तसेच राहिलेले असणे, हे याचे सर्वांत साधे कारण आहे. जुना सर्व्हर आता आपल्याला ग्राहक मानत नाही.

५.३ मोजक्याच बाहेरच्या नावांना येत असेल, तर ‘डिग +सीडी’ वापरा. त्याने सहीची पडताळणी वगळली जाते. साध्या प्रश्नाला सर्व्हफेल येतो आणि +सीडी लावल्यावर पत्ता मिळतो, असे झाले तर बिघाड डीएनएससेकचा (उत्तरांवरील डिजिटल सह्यांच्या व्यवस्थेचा) आहे. अशा वेळी पहिल्यांदा सर्व्हरचे घड्याळ पाहा: प्रत्येक सहीला सुरुवातीची आणि मुदतीची वेळ असते, आणि वीज जाऊन आल्यावर जुन्या मदरबोर्डची तारीख मागे गेली की खऱ्या सह्याही खोट्या ठरतात. घड्याळ ठीक असेल तर चूक बहुधा त्या डोमेनवाल्याची असते. त्यासाठी आपली पडताळणी कायमची बंद करणे हा उपाय नव्हे.

५.४ लहान उत्तरे येतात आणि मोठी येत नाहीत, असेही घडते. डीएनएसचे मूळ यूडीपी उत्तर ५१२ बाइटांपर्यंतचे होते. आज मोठी उत्तरे चालतात आणि २०२० पासून १२३२ बाइटांची मर्यादा शिफारशीत आहे. त्याहून मोठे उत्तर टीसीपीवरून मागितले जाते. ‘डिग +टीसीपी’ अडकत असेल, तर फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा टीसीपी ५३ उघडा.

५.५ बिघाड ठरावीक वेळीच होत असेल, म्हणजे ऑनलाइन परीक्षा सुरू होताना किंवा वसतिगृहात रात्री दहानंतर, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘नो मोर रिकर्सिव्ह क्लायंट्स’ ही ओळ शोधा. बाइंडमध्ये ही मर्यादा मुळात १००० असते. ती वाढवण्यापूर्वी लॉग नीट वाचा, कारण पुष्कळदा बाहेरचा दुवा मंदावल्यामुळे प्रश्न तुंबलेले असतात आणि मर्यादा वाढवल्याने फक्त तुंबलेली रांग लांबते.

टप्पा ६: दुरुस्तीनंतर कॅश कोणत्या क्रमाने रिकामी करावी

झोनमध्ये बदल केला असेल तर एसओए नोंदीतील (झोनची मूळ माहिती देणाऱ्या नोंदीतील) क्रमांक वाढवला आहे का, हे सर्वांत आधी पाहा. तारीख आणि त्यापुढे दोन आकडे अशी लिहिण्याची पद्धत सोयीची आहे. क्रमांक तसाच राहिला तर मुख्य सर्व्हर नवे सांगतो, दुय्यम जुने सांगत राहतो, आणि तक्रार ‘कधी चालते, कधी नाही’ अशा स्वरूपात परत येते. दोन्ही सर्व्हरना ‘डिग +शॉर्ट’ने एसओए विचारून क्रमांक जुळवा.

त्यानंतर वरून खाली यायचे: आधी डीएनएस सर्व्हर, मग संगणक, शेवटी ब्राउझर. उलट क्रमाने गेलात तर संगणकाची रिकामी कॅश सर्व्हरकडच्या शिळ्या उत्तराने पुन्हा भरते. बाइंडवर सगळी कॅश पुसण्याऐवजी ‘आरएनडीसी फ्लशनेम’ने तेवढेच नाव काढा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’, लिनक्सवर ‘रिझॉल्वसीटीएल फ्लश-कॅशेस’. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

‘नाव नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये राहते, याची अनेकांना कल्पना नसते. ते किती वेळ राहील हे एसओएमधील शेवटचा आकडा आणि एसओएचा स्वतःचा टीटीएल (कॅशमध्ये राहण्याची मुदत) यांपैकी जो लहान असेल त्यावरून ठरते. म्हणून नवी नोंद करण्याआधीच ते नाव उघडून पाहण्याची घाई करू नये. बाहेरच्या सर्व्हरांच्या कॅशवर आपला हात नसतो, तेथे मुदत संपेपर्यंत थांबावेच लागते.

तपासणी: निदान दोन वेगवेगळ्या व्हीलॅनमधून, दोन्ही डीएनएस सर्व्हरना, आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही नावे विचारून पाहा. मुख्य सर्व्हरची सेवा रात्री काही मिनिटे थांबवून दुय्यम एकटा कारभार सांभाळतो का, हेही एकदा तपासावे.

बिघाड बाहेरचा आहे असे ठरल्यास सेवादात्याला ‘डीएनएस चालत नाही’ असे कळवू नका. त्यावर राउटर बंद करून चालू करा, एवढेच उत्तर येते. विचारलेले नाव, नोंदीचा प्रकार, ज्या सर्व्हरला विचारले त्याचा पत्ता, आपला बाहेरचा आयपी, अचूक वेळ आणि स्टेटसचा शब्द, हे सर्व डिगच्या न कापलेल्या उत्तरासह पाठवा.